वजन उतरवायचंय आणि बेकरीचं गोडही सोडायचं नाही: बेळगावकरांसाठी सुरुवातीचा मार्ग

बेळगावात मृगाचा पाऊस लागला की दुपारी चारला घराघरांत चहाचं आधण चढतं आणि बशीत काहीतरी हवंच असतं. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई. कॅम्पातल्या बेकऱ्या असोत, शहापूर-वडगावच्या गल्लीतल्या असोत की खानापूर-निपाणीच्या बाजारपेठेतल्या, भट्टीतून गरम ट्रे बाहेर आला की त्या वासापुढे भलेभले थांबतात. अशा गावात राहून वजन उतरवायला निघालेला माणूस पहिला निश्चय करतो तो "आजपासून बेकरी बंद" असा. तो निश्चय कुणाच्या तरी वाढदिवसापर्यंत टिकतो. मग एका बसणीत केकचे तीन तुकडे पोटात जातात आणि "आता मोडलंच आहे तर" म्हणत पुढचा आठवडाही वाहून जातो.

माझं ठाम मत आहे की गोड बंद करायची गरज नाही. ते मोजून, ठरवून आणि आवडीचं तेवढंच खाल्लं तर वजन उतरतं. कसं, ते पायरीपायरीनं सांगते. मात्र तुम्हाला मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर खाणं कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. गोड चोरून खाणं, खाल्ल्यावर उलटी काढणं असं काही होत असेल तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी त्यासाठी मदत घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पहिली पायरी: आठवडाभर काही बदलू नका, फक्त लिहा

एक वही घ्या. पूर्वी जसं खात होता तसंच खा, पण तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. पोरानं अर्धवट टाकलेला केक, दुकानातल्या काकांनी "चाखून बघा" म्हणून दिलेला तुकडा, ऑफिसात कुणी बढतीनिमित्त वाटलेला क्रीम रोल, सगळं.

आठवड्याच्या शेवटी वही उघडलीत की बहुतेकांना एकच गोष्ट दिसते. ज्या पेस्ट्रीबद्दल मनाला टोचणी लागलेली असते ती आठवड्यातून एकदाच आलेली असते. रोज, दोनदा, न चुकता आलेली असते ती खारी आणि टोस्ट. ते गोड नाहीत, "हलकं आहे" म्हणून आपण त्यांना हिशेबातच धरत नाही.

आता आकडे बघा. खारीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५०० कॅलरी असतात, कारण तिचा एकेक पापुद्रा वनस्पती तुपानं सुटा झालेला असतो. टोस्टच्या १०० ग्रॅममध्ये ४०० ते ४५०. एक खारी आणि एक टोस्ट प्रत्येकी १२ ग्रॅमच्या आसपास धरा. दोन खाऱ्या आणि दोन टोस्ट म्हणजे सुमारे २२० कॅलरी. सकाळ-संध्याकाळ मिळून ४४०, आठवड्याला ३००० हून अधिक. एका क्रीमच्या पेस्ट्रीत आकारानुसार ३०० ते ३५० असतात. म्हणजे जी मनापासून आवडते ती पेस्ट्री सोडून आपण उपवास करतो, आणि जिची चवही धड लक्षात राहत नाही ती खारी तशीच चालू ठेवतो. सगळा मार्ग या एका अदलाबदलीतून निघतो.

दुसरी पायरी: काटा आणा

स्वयंपाकघरात ठेवायचा लहान डिजिटल काटा घ्या. ग्रॅम दाखवणारा साधा चालतो. अंदाजावर चालणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं, कारण बेकरीच्या जिनसांना ठरावीक आकार नसतो. एका दुकानातली नानकटाई २० ग्रॅमची असते, दुसऱ्या दुकानातली तळहाताएवढी ४० ग्रॅमची.

नानकटाईचंच उदाहरण घेऊ, कारण ती घरोघरी ठाऊक आहे. पारंपरिक प्रमाण म्हणजे मैद्याच्या निम्मं तूप आणि निम्मी पिठीसाखर. १०० ग्रॅम मैद्याच्या साधारण ३५० कॅलरी, ५० ग्रॅम तुपाच्या ४५०, ५० ग्रॅम साखरेच्या २००. मिळून २०० ग्रॅम कणकेत १०००. म्हणजे ग्रॅमला पाच. २० ग्रॅमची नानकटाई १०० कॅलरीची, ४० ग्रॅमची २०० ची. एकदा हे डोक्यात बसलं की दुकानात उभं राहूनही हिशेब जमतो.

यात बारकाईनं बघितलंत तर जवळपास निम्म्या कॅलरी तुपाच्या आहेत. एक ग्रॅम साखर किंवा पीठ साधारण ४ कॅलरी देतं, एक ग्रॅम तूप-तेल ९. नानकटाई कागदावर पाच मिनिटं ठेवा आणि उचला. खाली जो पारदर्शक डाग राहतो तो बघा. गोडाला शिव्या देताना आपण या डागाकडे लक्ष देत नाही.

तिसरी पायरी: आठवड्याचं बजेट

दिवसभराच्या खाण्यातला दहावा हिस्सा गोडासाठी राखून ठेवा. समजा एका बाईचं वजन १८०० कॅलरीवर स्थिर राहतं. ती १४०० ते १५०० वर आली तर महिन्याला साधारण १.२ ते १.५ किलो उतरेल, कारण एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७७०० कॅलरी. वेग थोडा मंद वाटेल, पण हाच टिकतो. तिचा दहावा हिस्सा रोज १५०, म्हणजे आठवड्याला १००० च्या आसपास. पुरुषांचं, उंच माणसांचं, शेतात किंवा कारखान्यात राबणाऱ्यांचं बजेट याहून मोठं असेल.

हे हजार कसे खर्चायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. कुणी रोज एक छोटी नानकटाई खाईल, कुणी रविवारी एक पेस्ट्री आणि बुधवारी दिलपसंदचा, म्हणजे खोबऱ्याचं गोड सारण भरलेल्या गोल पावाचा, चतकोर. माझा अनुभव असा की आठवड्यातून दोन-तीनदाच, पण खरोखर आवडीचं खाल्लं की जास्त समाधान होतं. रोजच्या छोट्या तुकड्यानं जीभ चाळवते, भागत नाही.

कुंदा, करदंट, मांडे हे भट्टीचे पदार्थ नव्हेत, पण त्यांची किंमत याच पाकिटातून द्यायची. ज्या आठवड्यात गोकाकहून करदंट आलं त्या आठवड्यात पेस्ट्री नाही.

चौथी पायरी: चहातून पैसे वाचवा

बजेट वाढवायचा सर्वांत सोपा मार्ग चहाच्या कपात आहे. चमचाभर साखर साधारण ५ ग्रॅमची, म्हणजे २० कॅलरी. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले तर ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे, आणि ५ टक्क्यांच्या आत आणली तर आणखी चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आपल्या नुसत्या चहानं ती रेघ ओलांडलेली असते.

एकदम बिनसाखरेचा चहा करायला जाऊ नका. दर आठवड्याला पाव-पाव चमचा कमी करत न्या, जिभेला कळतही नाही. दोनाचा एक चमचा झाला की रोज ८० कॅलरी सुटतात. चहात गूळ घातला म्हणून काही वाचत नाही. गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरी जवळपास सारख्याच आहेत. चव आवडते म्हणून गूळ जरूर घाला, पण मोजून.

पाचवी पायरी: काउंटरसमोर

भुकेल्या पोटी बेकरीत शिरू नका. गणपत गल्लीत भाजी घेऊन सहा वाजता परतताना समोर जे दिसेल ते पाव किलो बांधून घेतलं जातं. निघण्याआधी घरी वाटीभर मोडाची मटकी, एक उकडलेलं अंडं किंवा ताकाबरोबर मूठभर चिरमुरे खाऊन निघा. चिरमुरे आपल्याकडे घरोघरी असतात आणि मोठा वाडगाभर चिरमुऱ्यांचं वजन वीसेक ग्रॅमच भरतं, पण तेलात परतून, वर शेव घालून त्यांचा चिवडा केलात तर गणित बदललं.

दुकानात "पाव किलो द्या" म्हणण्याऐवजी "चार नग द्या" म्हणा. नगावर मागितलं की कुणी नाही म्हणत नाही. जे वजनावरच मिळतं ते शेजारणीबरोबर वाटून घ्या. घरात आलेला पाव किलो घरातच संपतो, आणि तो पाहुणे संपवत नाहीत.

काय निवडावं? साधा स्पंज केक किंवा कप केक क्रीमच्या पेस्ट्रीपेक्षा लहान पडतो आणि मोजायला सोपा. गोड बन ५० ग्रॅमचा असेल तर १५० कॅलरीच्या आसपास, शिवाय पोटाला आधार देतो. बेकरीतला हा मला सर्वांत परवडणारा सौदा वाटतो. बनमस्का करून घेतलात तर मात्र लोण्याचे वेगळे धरा. क्रीम रोलमध्ये खारीचं तूप आणि वर साखर-वनस्पतीचं क्रीम, दोन्ही एकत्र येतात. तो खायचाच तर अर्धा. नाताळात कॅम्पात मिळणारा प्लम केक सुक्या मेव्यानं जड असतो. पण त्याचा ५० ग्रॅमचा तुकडा सावकाश खाल्ला तर मन भरतं, आणि २०० कॅलरीच्या आत बसतो. वर्षातून एकदा येणारी ही चव मी कुणालाही सोडायला सांगणार नाही.

पाकिटबंद माल घेताना मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. पुढे नाचणीचं चित्र आणि मागे पहिलं नाव मैदा, दुसरं साखर, तिसरं पाम तेल असेल, तर ते मैद्याचंच बिस्किट आहे. इनव्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज ही साखरेचीच भावंडं. "शुगर फ्री" लिहिलेल्या बिस्किटात मैदा आणि तेल असतंच, शिवाय त्यातल्या माल्टिटॉलसारख्या गोडव्यालाही ग्रॅममागे दोनेक कॅलरी असतात, आणि तो जास्त झाला की पोट बिघडतं. भारतात तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. हृदयाच्या दृष्टीनं ही फार मोलाची गोष्ट झाली, पण वनस्पतीच्या कॅलरी तेवढ्याच राहिल्या.

सहावी पायरी: कधी आणि कसं खायचं

जेवणानंतर लगेच. भाकरी, भाजी, आमटी, कोशिंबीर पोटात गेल्यावर एक नानकटाई पुरते. रिकाम्या पोटी चार पुरत नाहीत. दुपारच्या चहाबरोबरच हवी असेल तर आधी भाजके फुटाणे किंवा फळ खा, मग ती.

डबा घेऊन टीव्हीपुढे बसू नका. ठरलेला तुकडा बशीत काढा, डबा झाकून वरच्या फळीवर ठेवा, आणि मग बसा. खाताना फोन लांब. वेलचीचा वास, दाताखाली भुगा होणं, मागे राहणारी तुपाची चव, हे सगळं घ्यायला वेळ लागतो, आणि त्यासाठीच तर आपण ती खातोय.

सातवी पायरी: घरी भट्टी लावा

घरी केलं की आकार आणि साखर आपल्या हातात येते. पूर्वी दिवाळीत नानकटाईचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर भाजायला न्यायचे. आता छोटा ओव्हन किंवा जाड बुडाची कढई पुरते. ही नाचणीची नानकटाई सुरुवातीला करून बघा.

कणीक ५० ग्रॅम, नाचणीचं पीठ ५० ग्रॅम, बेसन २० ग्रॅम, साजूक तूप ५० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची पूड. तूप थिजलेलं हवं, पातळ नको. तूप आणि साखर हातानं पांढरी, हलकी होईपर्यंत फेसा. पिठं चाळून त्यात घाला आणि हलक्या हातानं गोळा करा, मळू नका. मळलं की कणकेतलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, ताणलं जातं आणि नानकटाई चिवट होते. नाचणीत ग्लुटेन नसल्यामुळे गोळा भुगभुगीत वाटेल, तेव्हा चमचाभर दूध शिंपडा.

मिश्रण काट्यावर ठेवून १५ ग्रॅमचे १४ गोळे करा. जरा दाबा, वर पिस्त्याचा काप लावा. ओव्हन १७० अंशावर आधी तापवून १५ ते १८ मिनिटं. कढईत करायचं तर तळाला मिठाचा थर, वर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा, मग थाळी आत ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. नाचणीचा रंग मुळातच तपकिरी, त्यामुळे भाजलंय की नाही ते वरून कळत नाही. खालची कड बघा, आणि वास बघा. बाहेर काढताना मऊच असते, गार झाली की खुसखुशीत होते. मऊ आहे म्हणून परत आत ठेवलीत तर करपेल.

एक नानकटाई सुमारे ७० ते ७५ कॅलरीची होते. नाचणीमुळे कॅलरी काही विशेष घटत नाहीत. घटतात त्या लहान आकारामुळे आणि कमी साखरेमुळे. नाचणीनं मिळतं ते कॅल्शियम आणि चोथा, आणि चव तर फारच छान.

आता यातली खरी सोय. १४ ही एकदम भाजू नका. चार भाजा, बाकीचे गोळे डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. हवी तेव्हा दोन काढा, दहा मिनिटं बाहेर ठेवून भाजा. घरात तयार डबा नसतो आणि गरम नानकटाई मिळते ती वेगळीच.

केक करणार असाल तर नेहमीच्या कृतीतली साखर चौथाईनं कमी केली तरी चालते. त्यापेक्षा जास्त कमी केली की केक कोरडा होतो, कारण साखर ओलावाही धरून ठेवते. पिकून काळी पडलेली केळी कुस्करून घातली तर आणखी थोडी साखर कमी करता येते.

पाहुणचार आणि सण

आपल्याकडे "एक तरी घ्या की!" ला नाही म्हणणं अवघड. नाही म्हणूही नका. "काकू, आत्ताच जेवून आले, बांधून द्या की, घरी चहाबरोबर खाते" म्हणा. काकूंचा मान राहतो आणि तुम्ही ते आपल्या वेळेला खाता. हळदीकुंकवाला एका दुपारी चार घरं असतील तर कुठल्या घरी खायचं ते निघतानाच ठरवा.

गणपती-दिवाळीच्या आठवड्यांत वजन उतरवण्याचा हट्ट सोडा. त्या दिवसांत आहे तेवढं वजन राखलंत तरी खूप झालं. बजेट दुप्पट करा, पण लिहिणं थांबवू नका.

काट्यावर कसं उभं राहायचं

आठवड्यातून तीन-चार वेळा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. मग आठवड्याची सरासरी काढा. रात्री लग्नात जेवलात आणि सकाळी काटा पाऊण किलो वर गेला, तर ती चरबी नव्हे. मीठ आणि पिष्टमय पदार्थ अंगात पाणी धरून ठेवतात, ते दोन-तीन दिवसांत उतरतं. या भीतीनं दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका. उपाशी दिवसाच्या संध्याकाळीच बेकरी सर्वांत जास्त बोलावते.

चाला जरूर. टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो, किल्ल्याचा तलाव, पहाटेची थंड हवा, बेळगावसारखं चालायला सुख फार थोड्या गावांत. पण पेस्ट्री "जिरवायला" म्हणून चालू नका. ६०-७० किलोच्या माणसाचे अर्धा तास भराभर चालून १२० ते १५० कॅलरी खर्च होतात, पेस्ट्रीच्या फार तर निम्म्या. चालण्यानं झोप लागते, मन शांत होतं, गुडघे हलते राहतात. त्याची किंमत केकच्या तुकड्यात मोजू नये.

सरासरी सलग तीन-चार आठवडे हललीच नाही, तर वही पुन्हा पहिल्या पायरीसारखी भरा. बहुतेक वेळा तीनपैकी एक जागा सापडते. भाजी-आमटीच्या फोडणीतलं तेल वाढलेलं असतं, नानकटाईचे गोळे काट्याविना अंदाजानं वळले जात असतात, किंवा चहाच्या बशीत खारी परत आलेली असते. यातलं काहीच नसेल, वर थकवा आणि केस गळणंही असेल, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.